कांद्याच्या गोंड्यात मियोसिस कसं बघायचं: आधी लोकरीवर, मग स्लाइडवर

दरवर्षी अकरावीचे पोट्टे सेल डिव्हिजनच्या धड्यात एकाच जागी अडकतात, मियोसिसवर, म्हणजे परागकण अन् अंडी तयार करताना गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या पेशीच्या विभागणीवर. लेप्टोटीन, झायगोटीन, पॅकिटीन, डिप्लोटीन, डायकायनेसिस, तिच्या सुरुवातीच्या पाची अवस्थांची नावं घडाघड म्हणून दाखवतात, पण विचारलं की बाबांनो, गुणसूत्रं जोडीनं येऊन आपसात तुकडे काऊन बदलतात, तर एकच उत्तर येते, "मॅडम, व्हेरिएशनसाठी." उत्तर चुकीचं नाही, पण अर्धं आहे. पेशीच्या नजरेनं बघितलं तर तुकड्यांची देवाणघेवाण आधी वेगळ्याच कामाची असते, ती जोडी धरून ठेवते. जोडी नीट धरलेली असली तरच ती नीट वेगळी होते. हे एकदा हाताला कळलं की पाठांतर करावं लागत नाही, म्हणून मी वर्गात आधी लोकर काढते अन् नंतर मायक्रोस्कोप.

आमच्या मेहकरकडच्या भागात कांद्याचं बीजोत्पादन होते, आमच्या घरीही दोन प्लॉट असतात, त्यामुळं सामानाची निम्मी सोय वावरातच आहे. ज्यांच्याकडं कांदा नाही त्यांनी परसातल्या वाफ्यात चार कांदे दिवाळीनंतर लावून ठेवावे, डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येतातच, अन् त्यांच्या टोकाला फुलांचा गोंडा.

आधी लोकर. दोन रंगांची घ्या, लाल अन् पांढरी, दोन्ही हातभर लांबीचे दोन-दोन तुकडे. लाल म्हणजे बापाकडून आलेलं गुणसूत्र, पांढरं म्हणजे आईकडून आलेलं. एकेकाचे दोन तुकडे काऊन, तर मियोसिस सुरू व्हायच्या आधीच पेशीनं प्रत्येक गुणसूत्राची नक्कल करून ठेवलेली असते अन् मूळ अन् नक्कल दोघी एकमेकींना चिकटून असतात, त्यांना सिस्टर क्रोमॅटिड म्हणतात. दोन्ही लाल तुकडे मधोमध काळ्या दोऱ्यानं बांधा, तसेच दोन्ही पांढरे. ही काळी गाठ म्हणजे सेंट्रोमिअर. आता पोतीचे मणी घ्या, लालवर काळे मणी अन् पांढऱ्यावर पिवळे, एक मणी गाठीजवळ अन् एक टोकाकडं, चारही दोऱ्यांवर अगदी त्याच त्या अंतरावर. हे मणी म्हणजे जीनच्या जागा. लाल-पांढऱ्यात जागा सारख्याच, फक्त मणी वेगळा. उंचीचा जीन दोघांकडंही त्याच जागी असतो, एकाकडं उंचीचा अन् एकाकडं ठेंगूचा असू शकतो, असं समजा.

मग सेलोटेप. दोन लाल दोरे एकमेकांना लागून ठेवा अन् गाठीपासून टोकापर्यंत चार-पाच जागी टेपची बारीक पट्टी गुंडाळा, पांढऱ्यांचंही तसंच करा. टेप म्हणजे कोहेसिन नावाचं प्रोटीन, ते बहिणींना जोडून ठेवते. हा टेप बरेच जण सोडून देतात अन् मग पुढचा सगळा प्रयोग फसतो, म्हणून घाई करू नका.

आता लाल जोडी अन् पांढरी जोडी शेजारी-शेजारी टेबलावर ठेवा, काही कापू नका, जोडू नका. डाव्या हातात लालची काळी गाठ धरा, उजव्या हातात पांढऱ्याची, अन् ओढा. काय झालं? काहीच नाही, दोन्ही सुटून आल्या. त्या दोघींना एकमेकींची काही खबरच नाही, दोन्ही एकाच हातात आल्या असत्या तरी कोणी अडवलं नसतं. पेशीतही हेच होऊ शकते, अन् मग एका अंड्यात दोन जातात अन् दुसऱ्यात एकही नाही.

परत शेजारी ठेवा. आता एक लाल दोरा अन् एक पांढरा दोरा (दोन लाल नाही, दोन पांढरे नाही, परीक्षेत इथंच मार्क जातात) टोकाच्या मण्याच्या थोडं अलीकडं कात्रीनं एकाच अंतरावर कापा. कापलेल्या लालच्या आतल्या टोकाला पांढऱ्याचा बाहेरचा तुकडा गाठ मारून जोडा, पांढऱ्याच्या आतल्या टोकाला लालचा बाहेरचा. झालं क्रॉसिंग ओव्हर. बाहेरच्या बाजूचा टेप मात्र शाबूत पाहिजे, लालचा बाहेरचा तुकडा अजूनही आपल्या लाल बहिणीला चिकटलेला अन् पांढऱ्याचा पांढरीला.

आता पुन्हा तसंच दोन्ही गाठी धरून ओढा.

सुटत नाही! ताण बसतो, दोन्ही हातांना तो जाणवतो. वर्गात ह्या क्षणाला मागच्या बाकावरच्या पोरीही उठून उभ्या राहतात, अन् त्याच ताणाचं मोल मला पोरांना सांगायचं असते. पेशीतले धागे दोन्ही बाजूनं ओढत असतात अन् जोडी मधात ताणून धरलेली असते, त्या ताणावरूनच पेशीला कळते की एक इकडं जाणार, एक तिकडं, पकड बरोबर बसली. ताण नसला तर पकड सुटते अन् धागे परत शोधाशोध करतात.

आता जोडलेल्या गाठीच्या बाहेरचे टेप कापा, सेंट्रोमिअरजवळचे राहू द्या. लगेच दोन्ही हात मोकळे होतात. डाव्या हातात एक पूर्ण लाल दोरा अन् एक लाल-पांढरा, उजव्यात एक पूर्ण पांढरा अन् एक पांढरा-लाल. ही पहिली विभागणी. जोडीदार वेगळे झाले पण बहिणी अजून काळ्या गाठीत एकत्रच आहेत. दुसऱ्या विभागणीला उरलेले टेप कापा अन् काळी गाठ सोडा, चार दोरे चार बाजूंना, चारही वेगळे. मणी बघा: काळा-काळा, काळा-पिवळा, पिवळा-काळा, पिवळा-पिवळा. दोन जुन्या जुळणीचे, दोन नव्या.

पहिल्या विभागणीत बाहेरचा टेप कापल्या जातो अन् गाठीजवळचा राहतो, हे पेशीला कसं जमते? तर गाठीजवळच्या कोहेसिनवर एक राखणदार प्रोटीन बसलेलं असते. २००४ मध्ये जपानच्या संशोधकांनी त्याला शुगोशिन नाव दिलं, त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ रक्षण करणारी देवता. मी पोरांना सांगते, वेशीवरचा मारोती समजा. हे नाव मग कोणी विसरत नाही.

मण्यांचा हा खेळ माझ्या डोक्यातला नाही, खरा प्रयोग असाच झालेला आहे. १९३१ मध्ये हॅरिएट क्रेटन अन् बार्बरा मॅक्लिंटॉक ह्या दोघींनी मक्याचं नऊ नंबरचं गुणसूत्र घेतलं, त्याच्या एका टोकाला गाठीसारखा फुगवटा होता अन् दुसऱ्या टोकाला दुसऱ्याच गुणसूत्राचा जास्तीचा तुकडा जोडलेला. म्हणजे निसर्गानंच दोन टोकांना दोन मणी ओवून दिलेले. दाण्याचा रंग अन् दाण्यातला मेणचटपणा ह्या दोन गुणांची जुळणी जेव्हा बदलली, तेव्हा मायक्रोस्कोपखाली फुगवटा अन् जास्तीचा तुकडा ह्यांचीही जुळणी बदललेली दिसली. तोपर्यंत यान्सन्सनं १९०९ मध्ये सॅलॅमँडरच्या पेशीत गुणसूत्रांचे क्रॉस बघून अंदाज बांधला होता, मॉर्गननं १९११ मध्ये फळमाशीच्या गुणांवरून तेच सांगितलं होतं, पण गुणसूत्राचा खराखुरा तुकडा इकडून तिकडं गेला हे मक्यात डोळ्यांना दिसलं. त्याच वर्षी कर्ट स्टर्ननं माशीतही तेच दाखवलं.

दोऱ्यावर एक गोष्ट दाखवता येत नाही, जोडीदार एकमेकांना सापडतात कसे. टेबलावर आपण आपल्या हातानं लाल पांढऱ्याशेजारी ठेवली, पेशीत ठेवणारा कोणी नाही. तिथं जे होते ते ऐकून मी स्वतः पहिल्यांदा थक्क झाली होती, कारण पेशी स्वतःचाच डीएनए जागोजागी मुद्दाम तोडते. स्पो११ नावाचं प्रोटीन हे काम करते. तुटलेल्या टोकाची एक बाजू थोडी कुरतडल्या जाते, उरलेला एकेरी धागा बाहेर निघतो अन् आपल्याशी जुळणारी अक्षरं शोधत फिरतो, सापडली की तिथं शिरतो. म्हणजे दुरुस्तीसाठी नमुना पाहिजे अन् तो नमुना जोडीदाराकडं आहे, ह्या गरजेतून जोडी लागते. ह्याच वेळेला गुणसूत्रांची टोकं केंद्रकाच्या भिंतीला एका बाजूला गोळा होतात, जशा शेवंतीच्या काड्या एका मुठीत धराव्या, त्यानं शोधायचं अंतर कमी होते. एकदा जुळलं की दोघांच्या मधात बॅगच्या चेनसारखी एक रचना बंद होत जाते, तिला सिनॅप्टोनेमल कॉम्प्लेक्स म्हणतात, १९५६ मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ती पहिल्यांदा दिसली. चेन लागायला सुरुवात म्हणजे झायगोटीन, पूर्ण लागली म्हणजे पॅकिटीन, चेन उघडली अन् जोडी फक्त क्रॉसच्या जागी अडकून राहिली म्हणजे डिप्लोटीन. अशी समजली तर नावं डोक्यात आपोआप बसतात.

अजून एक, सगळ्या तुटींचं क्रॉसिंग ओव्हर होत नाही. उंदराच्या पेशीत तुटी २०० च्या वर होतात अन् क्रॉसिंग ओव्हर त्यातल्या जेमतेम २५ जागी, बाकीच्या तुटी नुसत्या दुरुस्त होतात. पण प्रत्येक जोडीला निदान एक मिळावा ह्याची पेशी काळजी घेते. एक झाला की त्याच्या अगदी जवळ दुसरा सहसा होत नाही. अपवादही आहे, फळमाशीच्या नरात क्रॉसिंग ओव्हर अजिबातच होत नाही अन् तरी त्याचं चालते, त्यानं जोडी धरायची दुसरी सोय केलेली आहे.

आता वावरात चला. कांद्याचे गोंडे संक्रांतीच्या आसपास बघायला लागा. सगळ्यात मोठी चूक इथंच होते, माझीही झाली होती. पहिल्या वर्षी मी फुललेला, पांढराशुभ्र, मधमाश्या बसलेला गोंडा आणला, दिवसभर स्लाइडी करत बसली, अन् दिसले काय तर नुसते परागकण. मियोसिस त्याच्या किती तरी दिवस आधी होऊन गेलेलं असते. गोंडा पाहिजे तो अजून पातळ पापुद्र्यात गुंडाळलेला, किंवा पापुद्रा नुकताच फाटायला लागलेला. मी मागायला गेली तेव्हा आमचे मोठेबाबा म्हणाले होते, "घे माय, पण दोनच घे, एकेका गोंड्याचं बी मोजून असते." दोन पुरतात. एका गोंड्यात शेकडो कळ्या, सगळ्या एका वयाच्या नसतात, अन् तेच आपल्या फायद्याचं आहे, एकाच गोंड्यात वेगवेगळ्या अवस्था मिळतात.

सकाळी आठ ते अकराच्या मधात तोडा. वावरातच बाटली घेऊन जा, बाटलीत तीन भाग अॅब्सोल्यूट अल्कोहोल अन् एक भाग ग्लेशियल अॅसेटिक अॅसिड, ताजं मिसळलेलं. पापुद्रा काढून कळ्यांचे झुबके लगेच त्यात टाका. घरी आणून मग टाकू म्हटलं तर पेशी मरतात अन् गुणसूत्रं चिकटून गोळा दिसतात. ग्लेशियल अॅसेटिक कातडी जाळते, पोरांच्या हातात देऊ नका, ओतायचं काम तुम्हीच करा, मोकळ्या हवेत. एक दिवस तसंच राहू द्या अन् मग कळ्या सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये काढून ठेवा.

स्लाइडीसाठी कळी उघडायची. तिळाच्या दाण्याएवढ्या कळ्यांपासून सुरू करा अन् मिळालं नाही तर थोड्या लहान-मोठ्या बघा. कळीत सहा पुंकेसर असतात. त्याचा परागकोश पांढरट, काचेसारखा पाहिजे, पिवळा झाला असेल तर उशीर झाला, ती कळी टाकून द्या. एकच परागकोश स्लाइडवर अॅसिटोकार्मिनच्या (गुणसूत्रं लाल रंगवणारं द्रावण) थेंबात ठेवा, सुईनं दोन तुकडे करा अन् सुईच्या बुडानं हलके ठोकत राहा म्हणजे आतल्या पेशी बाहेर येतात. सुई थोडी गंजलेली असली तर उत्तम, लोखंडामुळं रंग गडद चढतो, स्टीलच्या चकचकीत सुईनं तसा येत नाही. उरलेली सालपटं वेचून काढा, ती राहिली तर काच सपाट बसत नाही. कव्हरस्लिप ठेवा, स्पिरिट लॅम्पवरून दोन-तीनदा फिरवा, हाताच्या मागच्या बाजूला सोसेल एवढीच गरम, उकळी येऊ देऊ नका. मग ब्लॉटिंग पेपर ठेवून अंगठ्यानं सरळ खाली दाबा. सरकवायचं नाही. सरकलं की सगळं गेलं.

आधी दहाच्या लेन्सखाली मोठ्या, गोल, दाणेदार पेशी शोधा, त्यात लाल रंगाचं काही सुटं-सुटं दिसते का बघा, मग चाळीसवर जा. नुसता लाल सुताचा गुंता दिसला तर अवस्था लवकरची आहे, त्याच गोंड्यातली थोडी मोठी कळी घ्या. चार-चार पेशींचे गट दिसले तर पुढं निघून गेलं, लहान कळी घ्या. मधात कुठंतरी डायकायनेसिस, पाचातली शेवटची अवस्था, सापडते अन् तेच बघायला सगळा खटाटोप, कारण तिथं मोजता येते. कांद्यात १६ गुणसूत्रं असतात, म्हणजे ८ जोड्या. आठ आकृत्या सुट्या पडलेल्या दिसल्या पाहिजेत. काही बांगडीसारख्या गोल, काही दांडीसारख्या, एखादी क्रॉससारखी. बांगडी म्हणजे दोन्ही बाजूंना, दोन्ही भुजांत निदान एक-एक क्रॉसिंग ओव्हर झालेलं आहे, दांडी म्हणजे एकाच भुजेत. लोकरीवर हे करून बघा, दुसऱ्या भुजेतही कापून जोडा अन् दोन्ही गाठी ओढा, बांगडी तयार होते. लोकरीची बांगडी एका हातात अन् डोळा आयपीसला, असं मी पोरांना बघायला लावते.

आठ मोजले गेले नाही तर हिरमुसू नका, दोन आकृत्या एकमेकांवर पडलेल्या असतात. दहा पेशी मोजा, वहीत काढा, किती बांगड्या अन् किती दांड्या ते लिहा. हे वहीतलं काम गाइडमधल्या आकृतीपेक्षा कितीतरी मोलाचं आहे, ह्यावर मी अडून बसते.

आपल्या भागात "मॅडम, ह्याचा उपयोग काय" हे विचारल्याच जाते, तर मी कपाशी सांगते. आपल्या देशी कपाशीत, अकोल्याच्या विद्यापीठाचे एकेए वाण लोकांना माहीत आहेत, २६ गुणसूत्रं असतात. अमेरिकन कपाशीत ५२, कारण त्यात दोन पूर्वजांचे संच एकत्र आहेत, एक देशीच्या गोत्रातला अन् एक दूरचा. देशी कपाशी रसशोषक किडींना जास्त दाद देत नाही, कोरडवाहूत तग धरते, म्हणून दोन्हींचा संकर करावा असं कोणाच्याही मनात येईल. पण संकराच्या झाडात गुणसूत्रं येतात ३९. देशीच्या गोत्रातल्या १३ च्या जोड्या बऱ्यापैकी लागतात, दुसऱ्या संचातली १३ एकटी पडतात, त्यांना जोडीदारच नाही. मग ताण नाही, पकड नाही, कोणी इकडं कोणी तिकडं, परागकण वांझ. झाड वाढते पण बोंड धरत नाही. मग पैदासकार कोल्चिसिन नावाच्या रसायनानं गुणसूत्रांची संख्या दुप्पट करून देतात, प्रत्येकाला जोडीदार मिळतो अन् झाड बी धरायला लागते. बिनबियांचं टरबूजही ह्याच तत्त्वावर, २२ अन् ४४ गुणसूत्रांच्या झाडांचा संकर करून ३३ वालं झाड मिळवतात, तीन-तीनचे गट नीट वाटल्या जात नाहीत म्हणून बी भरत नाही. तिथं आपल्याला वांझपणाच पाहिजे असतो.

अन् एक गोष्ट मी दरवर्षी दार लावून, हळू आवाजात सांगते, कारण वर्गात बसलेल्या पोरींच्या घरी ती घडलेली असू शकते. बाईच्या अंड्यातली गुणसूत्रं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच जोडीनं येतात, देवाणघेवाण करतात अन् तशीच थांबून राहतात, पंधरा वर्षं, तीस वर्षं, चाळीस वर्षं. एवढा काळ ते कोहेसिनचे टेप धरून असतात. वय वाढते तसे ते सैल पडतात, अन् एखादी जोडी चुकीची वाटल्या जाते. डाउन सिंड्रोममध्ये बहुतेक वेळा एकविसाव्या जोडीचं हेच झालेलं असते. त्यात बाईनं काही खाल्लं, ग्रहणात बाहेर निघाली, कोणाची नजर लागली, ह्याचा काडीचा संबंध नाही. लोकरीचा जुना झालेला टेप मी त्या दिवशी पोरींच्या हातात देते, बोटानं ओढला तर लगेच निघतो.

आता साठवण, कारण कांदा फुलते जानेवारीत अन् अकरावीचा धडा येते पावसाळ्यात. सत्तर टक्के अल्कोहोलमधल्या कळ्या फ्रिजमध्ये ठेवल्या तर सहा-सात महिने काम देतात, बाहेर ठेवल्या तर उन्हाळ्यात खराब होतात, आपल्याकडचा मे महिना त्यांना सोसत नाही. अल्कोहोल उडते, म्हणून झाकणाला मेण लावा अन् महिन्यातून एकदा पातळी बघून भर घाला. चांगली जमलेली स्लाइड असेल तर कव्हरस्लिपच्या चारही बाजूंना नेलपॉलिश लावा, काही दिवस टिकते. बाटलीत कागदाची चिठ्ठी टाका, तिच्यावर तारीख, वेळ अन् गोंडा उघडा होता का पापुद्र्यात ते पेन्सिलनं लिहा, पेननं लिहिलेलं अल्कोहोलमध्ये धुतल्या जाते.